अठराव्या वर्षानंतरचा कणा : राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस

विषय : प्रौढ वयातील स्कोलिओसिसची नोंद, पाठपुरावा आणि उपचार.

पालघर येथे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, त्याने जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन तपासणी करण्याची पद्धत देशभर रुजवली. त्या तपासणीसाठी ठरवलेल्या ३० व्याधींच्या यादीत जन्मजात वाकड्या पावलापासून सिकलसेलपर्यंत अनेक दुर्लक्षित दुखण्यांना स्थान मिळाले, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. मात्र पाठीचा कणा बाजूला वळण्याच्या विकाराला, म्हणजे स्कोलिओसिसला, त्या यादीत स्वतंत्र जागा नाही. पुढे वयाच्या तिशीनंतर आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन जी माहिती भरून घेते, तिचा रोखही प्रामुख्याने रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांकडे असतो. परिणामी ज्या मुलीच्या पाठीचे वळण शाळेत कोणाच्या नजरेला आले नाही, ती पुढे चाळीस-पन्नास वर्षे सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या कोणत्याही नोंदवहीत येत नाही, आणि जेव्हा येते तेव्हा ‘कंबरदुखी’ या सर्वसमावेशक नावाखाली येते. प्रौढ वयातील स्कोलिओसिस म्हणजे काय, त्याची वाटचाल कशी होते, आणि फार मोठा खर्च न करताही शासन त्याबाबत काय करू शकते, हे मांडण्यासाठी हे पत्र आहे.

निरोगी कणा मागून पाहिला तर सरळ दिसतो. बाजूने पाहिला तर मानेशी व कमरेशी आत आणि छातीच्या भागात बाहेर अशी त्याची नैसर्गिक वळणे दिसतात. स्कोलिओसिसमध्ये मणके डावीकडे किंवा उजवीकडे कलतात आणि त्याच वेळी स्वतःभोवती वळतातही. या वळण्यामुळे त्यांना जोडलेल्या बरगड्या एका बाजूने मागे येतात, एक खांदा उतरता दिसतो, कमरेची एक बाजू आत खोल जाते आणि दुसरी सपाट होते. ब्लाउज शिवणाऱ्याला एका खांद्याला वेगळे माप घ्यावे लागते किंवा साडीचा घोळ एका बाजूने वर चढलेला दिसतो, हे घरच्यांच्या लक्षात आलेले असते. त्याला वैद्यकीय नाव आहे हे मात्र अनेकदा कोणी सांगितलेले नसते. हे वळण मोजण्याची आजही जगभर चालणारी पद्धत न्यूयॉर्कचे अस्थिशल्यचिकित्सक जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. वळणाच्या वरच्या टोकाला सर्वांत अधिक कललेल्या मणक्याच्या वरच्या कडेला समांतर एक रेषा आणि खालच्या टोकाच्या मणक्याच्या खालच्या कडेला समांतर दुसरी रेषा एक्स-रेवर ओढायची, आणि त्या दोन रेषांमधील कोन मोजायचा. हा ‘कॉब कोन’ उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये १० अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. पौगंडावस्थेतील मुलांमध्ये असे वळण सुमारे २ ते ३ टक्क्यांत आढळते. त्यांतील बहुतेक वळणे किरकोळ असतात. मात्र मोठ्या वळणांचे प्रमाण मुलींमध्ये कितीतरी पटींनी अधिक असते.

प्रौढांमध्ये हा विकार मुख्यतः दोन वाटांनी येतो, आणि या दोन वाटांची गल्लत झाली की सल्लाही चुकतो. पहिली वाट पौगंडावस्थेतून आलेल्या वळणाची आहे. त्याचे निश्चित कारण सुमारे ८० टक्के रुग्णांत सापडत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मात्र स्पष्ट आहे, कारण एकाच घरात असे वळण एकाहून अधिक जणांत वारंवार दिसते. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकून बसण्याने हा विकार होतो असा समज महाराष्ट्रात घट्ट आहे, आणि २०१५ मध्ये शासनाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले तेव्हाच्या चर्चेत तो पुष्कळ वेळा पुढे आला. तो निर्णय मुलांच्या पाठी व खांदे दुखू नयेत म्हणून योग्यच होता, परंतु दप्तरामुळे स्कोलिओसिस होतो असे कोणत्याही भक्कम अभ्यासाने दाखवलेले नाही. हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण या समजापायी कित्येक आया स्वतःला दोष देत राहतात. दुसरी वाट पन्नाशीनंतर, पूर्वी सरळ असलेल्या कण्यात नव्याने निर्माण होणाऱ्या वळणाची आहे. मणक्यांमधील गाद्या, म्हणजे दोन मणक्यांमधील लवचीक चकत्या, एका बाजूने अधिक झिजतात, मागचे छोटे सांधे संधिवाताने खराब होतात, आणि कंबरेचा भाग हळूहळू झिजलेल्या बाजूला कलतो. अमेरिकेत साठीपुढील स्वयंसेवकांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निम्म्याहून अधिक व्यक्तींमध्ये कमीअधिक वळण आढळले होते. त्यातील अनेकांना त्याचा फारसा त्रास नव्हता, आणि ही गोष्ट धीर देणारी आहे.

हे वळण आयुष्याचे काय करते, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने स्वतःच एकदा दुरुस्त केले आहे. १९६८ मध्ये स्वीडनमधील एका पाहणीने उपचार न झालेल्या रुग्णांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दुप्पट असल्याचे, बहुतेकांना पाठदुखी असल्याचे आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रिया अविवाहित राहिल्याचे नोंदवले, आणि पुढे कित्येक वर्षे या विकाराविषयीची भीती त्या निष्कर्षावर पोसली गेली. तथापि त्या पाहणीत पोलिओमुळे किंवा जन्मजात दोषांमुळे आलेली गंभीर वळणे आणि कारण न सापडलेली वळणे एकत्रच मोजली होती. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३२ ते १९४८ या काळात निदान झालेल्या, आणि फक्त पौगंडावस्थेत वळण आलेल्या रुग्णांचा सुमारे पन्नास वर्षे पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष स्टुअर्ट वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा चित्र बरेच बदलले. या रुग्णांचे आयुर्मान इतरांएवढेच होते. दीर्घकाळची पाठदुखी त्यांच्यात ६१ टक्के आणि तुलनेसाठी घेतलेल्या व्यक्तींत ३५ टक्के होती, परंतु ज्यांना दुखत होते त्यांतील बहुतेकांचे दुखणे सौम्य किंवा मध्यम स्वरूपाचे होते. धाप लागण्याचा धोका प्रामुख्याने छातीच्या भागातील ८० अंशांपुढच्या वळणांशी निगडित होता. विवाह, नोकरी, मुलेबाळे हे सर्व या माणसांच्या वाट्याला आले होते.

आयोवातील या दीर्घ कामामागे इग्नासिओ पोन्सेटी हे नाव आहे. वाकड्या पावलाच्या बालकांना प्लास्टर बदलत बदलत शस्त्रक्रियेशिवाय बरे करण्याची त्यांची पद्धत आज महाराष्ट्रातही वापरली जाते, आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही वाकडे पाऊल आहे. त्याच संशोधकाने वाइनस्टाइन यांच्यासह १९८३ मध्ये दाखवून दिले की शरीराची वाढ पूर्ण झाल्यावर वळण थांबते हा समज अपुरा आहे. वाढ संपतेवेळी ३० अंशांखाली असलेली वळणे सहसा तिथेच राहिली. छातीच्या भागातील ५० ते ७५ अंशांची वळणे मात्र पुढेही वर्षाला सरासरी पाऊण ते एक अंशाने वाढत गेली. विसाव्या वर्षी ५५ अंश असलेले वळण पन्नासाव्या वर्षी ८० अंशांच्या जवळ जाऊ शकते, आणि त्या तीस वर्षांत कोणत्याही एका दिवशी ते वाढताना दिसत नाही. पोन्सेटींच्या एका कामाला राज्याच्या यादीत स्थान मिळाले, दुसऱ्याला अद्याप मिळायचे आहे.

यातून प्रौढ स्कोलिओसिसच्या व्यवस्थापनाचे मुख्य सूत्र निघते. एका दिवसाचा कोन फारसे काही सांगत नाही. पाच-दहा वर्षांच्या अंतराने, एकाच पद्धतीने काढलेल्या दोन एक्स-रेंमधील फरक पुष्कळ सांगतो. म्हणून जुना एक्स-रे हे या विकारातील सर्वांत मौल्यवान कागदपत्र ठरते, आणि आपल्याकडे सर्वाधिक नाश होतो तो त्याचाच. कपाटाच्या वरच्या फळीवर, खाकी पाकिटात, पावसाळ्यातल्या दमटपणाने एकमेकींना चिकटलेल्या फिल्म. त्यांच्यावरच्या तारखा पुसट. सोबतच्या अहवालात ‘कमरेच्या भागात स्कोलिओसिस दिसतो’ एवढे एकच वाक्य, ज्यात कोन नाही, वळण कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत आहे हे नाही, चित्र उभ्याने काढले की झोपवून हेही नाही. असे पाकीट घेऊन आलेल्या पन्नाशीच्या रुग्णाला वळण वाढते आहे की नाही, या एकमेव महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर कोणताही तज्ज्ञ देऊ शकत नाही. झोपवून काढलेल्या चित्रात शरीराचा भार कण्यावर नसतो, त्यामुळे कोन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, आणि पुढच्या वेळी उभ्याने चित्र काढले की वळण एकाएकी वाढल्याचा भास होऊन रुग्ण घाबरतो. शिवाय मोजणीतच सुमारे ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. तेव्हा ३२ चे ३५ झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, आणि दर सहा महिन्यांनी चित्र काढण्याचेही नाही. अनावश्यक एक्स-रे निरुपद्रवी नसतात. लहानपणी वारंवार एक्स-रे काढलेल्या पाच हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक आढळले. आजची यंत्रे पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी किरणोत्सार देतात, तरीही किरण पाठीकडून सोडले तर स्तनांपर्यंत पोहोचणारी मात्रा आणखी कमी होते. यासाठी एका रुपयाचाही खर्च नाही. फक्त तंत्रज्ञाला तशी लेखी सूचना हवी.

कोन आणि दुखणे यांचे नाते लोक समजतात तेवढे थेट नाही. ४५ अंशांचे वळण असलेली स्त्री दिवसभर शेतात राबते आणि २० अंशांचे वळण असलेल्या दुसरीला दहा मिनिटे उभे राहवत नाही, असे सर्रास आढळते. गेल्या दोन दशकांतील अभ्यासांनी यामागची एक बाजू उलगडली आहे. प्रौढांच्या त्रासाशी सर्वाधिक संबंध बाजूच्या वळणाचा नसून शरीर पुढे झुकण्याचा असतो. मान, छाती आणि ओटीपोटाची हाडे एका उभ्या रेषेत राहिली तर उभे राहायला स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत; कमरेची नैसर्गिक आतली वळणे झिजून सपाट झाली की धड पुढे जाते, आणि ते सावरण्यासाठी पाठीचे, नितंबांचे व मांड्यांचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. अशी स्त्री स्वयंपाकघरात कशी उभी राहते हे पाहिले तर निदानाची निम्मी वाट सापडते. पोळ्या लाटताना तिचे एक कोपर ओट्यावर टेकलेले असते, गुडघे किंचित वाकलेले असतात, आणि चार पोळ्या झाल्या की ती स्टुलावर बसते. दुसरे कारण मज्जातंतूंच्या वाटेचे आहे. वळणाच्या आतल्या बाजूला हाड वाढते, सांधे फुगतात, आणि मज्जातंतू ज्या नळीतून व छिद्रांतून जातात ती अरुंद होतात. थोडे चालल्यावर पायांत कळा, जडपणा किंवा मुंग्या येतात. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर त्या ओसरतात. बाजारात हातगाडीवर रेलून चालताना बरे वाटते आणि ताठ चालताना दुखते, असे रुग्ण स्वतःच सांगतो. अशा वेळी त्याला बहुधा ‘मणक्यात गॅप आहे’ एवढे सांगून कमरेचा पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात. त्या एका वाक्यात निदान नाही, पूर्वानुमान नाही आणि पुढे काय करायचे हेही नाही. तरीही लाखो माणसे त्याच वाक्यावर उरलेले आयुष्य काढतात.

काही लक्षणे मात्र थांबण्याची नसतात, आणि ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेली असावीत. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघांच्या आतल्या भागात बधिरता, पाऊल उचलता न येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे ही तातडीने शस्त्रक्रियेच्या सोयी असलेल्या रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत. संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग आधी नाकारला पाहिजे. क्षयाने कण्याला बहुधा पुढे पोक येते, बाजूचे वळण क्वचित येते. परंतु ज्या राज्यात क्षयाचे रुग्ण अजूनही मोठ्या संख्येने आढळतात, तिथे वाकडा दिसलेला प्रत्येक कणा जुना स्कोलिओसिसच आहे असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

बहुसंख्य प्रौढ रुग्णांसाठी उपचाराचा पाया व्यायाम हाच आहे, आणि इथे अपेक्षा नेमक्या ठेवणे आवश्यक आहे. वाढ संपलेला कणा व्यायामाने सरळ होत नाही. पाठीचे, पोटाचे आणि नितंबांचे स्नायू बळकट झाल्याने दुखणे कमी होते, चालण्याचा पल्ला वाढतो आणि थकवा उशिरा येतो. जर्मनीत १९२१ पासून कॅथरिना श्रॉथ यांनी विकसित केलेली पद्धत, जिच्यात आरशासमोर वळणाच्या उलट दिशेने शरीर सावरत आत गेलेल्या बाजूला श्वास भरला जातो, ती किशोरवयीन मुलांमध्ये बरीच अभ्यासली गेली आहे. प्रौढांमधला पुरावा कमी असला तरी तिच्यातील श्वसन आणि स्वतःच्या ठेवणीचे भान या दोन गोष्टी उपयोगी पडतात. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, खुर्च्या, लोड आणि लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसने करण्याची जी रीत घडवली, तिच्यामुळे असमान शरीरालाही आसनात विसावता येते, आणि जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली ती अनेकांना मानवते. मात्र हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांनी कमरेतून खोल पुढे वाकणे आणि जोराने पीळ देणे टाळलेच पाहिजे, कारण त्याने मणका दबून मोडू शकतो. याच कारणाने रजोनिवृत्तीनंतर स्कोलिओसिस असलेल्या प्रत्येक स्त्रीच्या हाडांची घनता डेक्सा चाचणीने तपासली जावी. आणि ती तपासणी कण्यापुरती न ठेवता खुब्याच्या हाडाचीही व्हावी, कारण झिजलेल्या व वाढलेल्या हाडामुळे कमरेच्या मणक्यांचा आकडा फसवा चांगला दिसतो. कमरेचा पट्टा दुखणे तीव्र असताना थोडे दिवस आधार देतो. वर्षानुवर्षे बांधल्यास ज्या स्नायूंवर भिस्त ठेवायची तेच दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्या औषधांच्या दुकानातून परस्पर घेत राहिल्यास वयस्कांच्या मूत्रपिंडांवर आणि जठरावर दुष्परिणाम होतो. मज्जातंतूभोवती दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे किंवा महिने आराम पडू शकतो, आणि त्या काळात व्यायामाची घडी बसवता आली तरच त्याचा खरा उपयोग.

या सगळ्याला लागतो तो फिजिओथेरपिस्ट, तोही एकदा व्यायामाचा कागद हाती देणारा नव्हे, तर काही महिने पाठपुरावा करणारा. मुंबईत हाजी अलीजवळ भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची केंद्रीय संस्था १९५५ पासून उभी आहे, आणि मोठ्या शहरांत खासगी सेवाही आहेत; परंतु गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाने आठवड्यातून दोनदा शहर गाठणे अशक्य आहे. ही पोकळी मग मालिशवाले, हाडवैद्य आणि ‘ऑपरेशनशिवाय कणा सरळ’ असे फलक लावणारे भरून काढतात. पाठीला हलके मालिश केल्याने बरे वाटत असेल तर त्यात गैर नाही. पण पाठीवर पाय देऊन किंवा झटका देऊन मणका ‘बसवणे’ ठिसूळ किंवा क्षयग्रस्त कण्यात घातक ठरू शकते. प्रौढ कणा सरळ करण्याचे लेखी आश्वासन देणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करण्यासाठी कायदे आहेत, आणि त्यांचा वापर होणे अत्यंत आवश्यक आहे.

शस्त्रक्रियेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात, आणि दोन्ही रुग्णाचे नुकसान करतात. ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी तयार केलेल्या धातूच्या सळईची पद्धत १९६२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून कणा आतून बांधणे शक्य झाले. परंतु त्या सळईने कमरेचे नैसर्गिक वळणही सपाट केले, आणि त्या काळी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी अनेकांना पुढच्या वयात ताठ उभे राहणे कठीण झाले. आजच्या पद्धतीत मणक्यांत स्क्रू बसवून बाजूचा व पुढचा असे दोन्ही समतोल साधले जातात. तरीही साठीच्या रुग्णात ही अनेक तासांची मोठी शस्त्रक्रिया असते, गुंतागुंतीचे प्रमाण लक्षणीय असते, आणि काही वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे जाते. दुसरीकडे, नीट निवडलेल्या रुग्णांना, म्हणजे पाय दुबळे होत चाललेल्या, चालणे थांबलेल्या, इतर उपचारांनी आराम न पडलेल्या व्यक्तींना, तिचा फायदाही खरा असतो. निर्णय कोनाच्या आकड्यावर घेतला जाऊ नये. हाडांची घनता, तंबाखूचे व्यसन, मधुमेह आणि रुग्णाला स्वतःला काय करता यावेसे वाटते, हे सर्व विचारात घेऊन तो व्हावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी असल्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार तिच्यात होऊ शकतो, परंतु ती टाळू शकणाऱ्या सहा महिन्यांच्या व्यायामोपचाराला तिच्यात वाव नाही. हा उलटा हिशोब दुरुस्त करणे सर्वस्वी राज्याच्या हाती आहे.

विवाहाचा प्रश्न वैद्यकीय पत्रात अस्थानी वाटेल, परंतु महाराष्ट्रात या विकाराची लपवाछपवी सर्वाधिक तिथेच होते. स्थळ पाहण्याच्या दिवशी खांद्यावरून पदर घ्यायला लावणे, एक्स-रे काढू न देणे, लग्नानंतर कळले तर फसवणुकीचा आरोप. या भीतीने मुलीचा पाठपुरावा नेमका त्या वयात थांबतो ज्या वयात आधाररेषा ठरवणारा एक्स-रे असायला हवा. वस्तुस्थिती अशी की बहुतांश स्त्रियांचे गर्भारपण स्कोलिओसिसमुळे बिघडत नाही, गर्भारपणामुळे वळणही फारसे वाढत नाही, आणि नैसर्गिक प्रसूती बहुधा शक्य असते. छातीचे वळण फार मोठे असेल तर फुप्फुसांची तपासणी आधी करावी, आणि पाठीतून भूल देणे अवघड जाऊ शकते म्हणून भूलतज्ज्ञाला ही माहिती प्रसूतीपूर्वीच मिळावी. मातृत्वाच्या नोंदवहीत रक्तगटाप्रमाणेच या एका ओळीचीही जागा असली तर प्रसूतिगृहातील ऐनवेळची धावपळ टळेल. धावपटू उसेन बोल्ट याने आपल्याला स्कोलिओसिस असल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट ठेवणे हा त्याच्या सरावाचा नित्याचा भाग होता. मुलींच्या शाळांत हे सांगितले गेले तर लपवण्याची गरज वाटणाऱ्या घरांची संख्या थोडी तरी घटेल.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्कोलिओसिसचे स्वतंत्र नाव नाही, त्याचा विचार अस्थिव्यंगाच्या सदरात होतो. आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के ही मर्यादा आहे. त्या मर्यादेखाली राहिलेल्या, पण दिवसभर उभे राहू न शकणाऱ्या दुकानातील सेविकेला, वाहतूक पोलिसाला किंवा शिक्षिकेला प्रमाणपत्राची नव्हे, तर बसायला स्टुलाची आणि दोन तासांनी दहा मिनिटे पाठ टेकण्याची गरज असते. एवढ्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. सरकारी आस्थापनांसाठी परिपत्रक काढले तर खासगी मालकांसमोरही उदाहरण उभे राहील.

आता शासनाकडून नेमकी अपेक्षा. लाखो लोकांचे सरसकट एक्स-रे काढावेत असे कोणीही सुचवणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने किशोरवयीनांच्या सरसकट तपासणीच्या फायद्याविषयीचा पुरावा अपुरा ठरवला आहे, आणि त्या मताचा मान राखला पाहिजे. पण त्याआधी, २०१३ मध्ये, योग्य वयात घातलेल्या आधारपट्ट्याने, म्हणजे धडाभोवती दिवसाचे अनेक तास घालावयाच्या कडक कवचाने, ७२ टक्के मुलांचे वळण शस्त्रक्रियेच्या मर्यादेखाली राहते आणि पट्टा न घातलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के असते, हेही सिद्ध झाले आहे. म्हणून मध्यममार्ग असा की बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना, स्त्री कर्मचाऱ्याकडून आणि आडोशाला, गुडघे सरळ ठेवून पुढे वाकायला सांगून पाठ एका बाजूने उंच दिसते का हे पाहावे. विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये सांगितलेल्या या तपासणीला अर्धे मिनिट लागते. ज्या घरात आई, मावशी किंवा मोठ्या बहिणीला हे वळण आहे, त्या घरातील मुलींना त्यात अग्रक्रम असावा. आशा कार्यकर्तीच्या तिशीनंतरच्या प्रपत्रात ‘उभे राहिल्यावर किंवा चालल्यावर पाठ अथवा पाय दुखतात आणि बसल्यावर थांबतात का’ हा एक प्रश्न वाढवावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मानेपासून खुब्यापर्यंतचा पूर्ण कणा उभ्याने टिपणारी एक्स-रेची सोय असावी, आणि अहवालाचा नमुना असा ठरवावा की कोन, वळणाची दोन्ही टोके, उभ्याने की झोपवून आणि तारीख या चार नोंदींशिवाय तो पूर्णच होणार नाही. लसीकरणाचे कार्ड जसे आई जपून ठेवते तसा हा अहवाल रुग्णाकडे राहावा, आणि रुग्णाची संमती असल्यास मूळ चित्र त्याच्या डिजिटल आरोग्य खात्याला जोडले जावे, म्हणजे तीस वर्षांनंतरच्या डॉक्टरला पाकिटे शोधावी लागणार नाहीत. ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टचे आठवड्यातील ठरावीक दिवस निश्चित व्हावेत, आणि फुले योजनेत दाखल न होता घ्यावयाच्या व्यायामोपचाराचा समावेश व्हावा.

या मागण्यांपैकी अहवालाचा नमुना आणि एक्स-रे पाठीकडून काढण्याची सूचना या दोन गोष्टींना ना निधी लागतो ना विधिमंडळाची मंजुरी. विभागाच्या एका परिपत्रकाने त्या पुढच्या महिन्यात सुरू होऊ शकतात, आणि त्यांपासूनच सुरुवात व्हावी ही विनंती.